थोरली, धाकटी आणि नवी

नवी चप्पल आणली की आमचे घरमालक ती लगेच घालत नसत. जुन्या चपलेशेजारी आठ दिवस ती दारात ठेवायची. नवव्या दिवशी उजव्या पायात नवी आणि डाव्या पायात जुनी अशी घालून ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. गल्लीतली पोरं फिदीफिदी हसायची. काकांना त्याचं काही नसे. दुसऱ्या दिवशी अदलाबदल, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही पायांत नवी.

मी एकदा विचारलं, "काका, हे कशासाठी?"

"पायाला कळू द्यावं लागतं ना, ताई. आणि चपलेलाही."

नव्या वर्षाचं कॅलेंडर ते डिसेंबरच्या मध्यावरच जुन्याशेजारी लावत. भिंतीवरचं नवं घड्याळ महिनाभर जुन्याच्या बाजूला टांगलेलं होतं आणि दोघांत सात मिनिटांचा फरक होता. कोणतं बरोबर, असं विचारलं तर म्हणायचे, "अजून ठरलं नाही."

मी तेव्हा तिशीची होते. सिल्वासाजवळ खडोलीला धाग्याच्या कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये हजेरीचं काम करायचे आणि काका त्याच कारखान्यात जॉबर, म्हणजे मशीनवरच्या माणसांचे मुकादम होते. कॉलेजपासून मला डायरीत यादी करायची सवय आहे. सकाळी कामं लिहायची, झालं की खूण करायची. त्या वयात मला वाटायचं की कामाचे दोनच प्रकार असतात, झालेलं आणि राहिलेलं. काकांकडे तिसरा प्रकार होता, होत असलेलं. त्याचा मला फार राग यायचा.

पहिला राग खोलीवरून आला. आम्ही नाशिकहून सिल्वासाला आलो तेव्हा कारखाने भराभर उभे राहत होते आणि राहायला जागा मिळत नव्हती. माझे यजमान दुसऱ्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनियर म्हणून लागले होते. कोणीतरी सांगितलं की अमळनेरकडच्या एका जॉबरच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. गेलो. काकांनी खोल्या दाखवल्या, आम्हाला आवडल्या. मी म्हटलं, "मग सामान उद्या आणू?"

"सामानाची काय घाई? तुम्ही उद्या संध्याकाळी या. ओट्यावर बसू."

"बोलायचं काही राहिलंय का?"

"बोलायचं नाही. बसायचं."

आम्ही आठ संध्याकाळी त्या ओट्यावर बसलो. माझ्या त्या दिवसांच्या डायरीत सलग लिहिलेलं आहे, "खोली: बसून आलो." ओट्याच्या मागे घराचं दार होतं, त्याला माशांसाठी लावलेली तारेची जाळी होती. सहा वाजता ती जाळी वीतभर उघडायची आणि हिरव्या बांगड्यांचा एक हात चहाचे कप बाहेर ठेवायचा. हात दिसायचा, माणूस दिसायचं नाही. त्या काकू.

काकू माणसांना बिचकायच्या. बाजारात जात नसत, शेजारी कोणाकडे बसत नसत. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काका एवढंच म्हणायचे, "तिला वेळ लागतो." घरात दुसरं कोणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण काका कामावरून आले की काकूंनी आतून पाण्याचा तांब्या पुढे केलेला असायचा. काकांनी सायकल लावण्याच्याही आधी.

चौथ्या संध्याकाळी काका म्हणाले, "ताई, उद्या येताना तुमच्या हातची भाजी आणा वाटीभर." मी मेथीची नेली. त्यांनी वाटी जाळीतून आत दिली. सहाव्या दिवशी ती वाटी परत आली, तीत वांग्याचं भरीत. सोबत निरोप, "वाटी रिकामी धाडू नका." मग दोन दिवस वाट्याच इकडून तिकडे जात राहिल्या. नवव्या संध्याकाळी काकांनी आम्हाला घरी न बोलावता दमणगंगेच्या पुलावर बोलावलं. काकू आल्या होत्या. काकांच्या पलीकडच्या बाजूने, डोक्यावर पदर घेऊन, पुलाचा कठडा धरून चालत होत्या. जाताना एक शब्द नाही. येताना पुलाच्या मध्यावर थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमची मेथी तिखट होती."

काका खूश झाले. "आणा उद्या सामान," म्हणाले.

राहायला गेल्यावर कळलं की मागच्या अंगणात आंब्याखाली एक मोठा पिंजरा आहे आणि त्यात दोन पांढऱ्या सशा आहेत. थोरली आणि धाकटी. बहिणी होत्या, एकाच वेताच्या. दोघी माद्या, त्यामुळे पिल्लांची भानगड नव्हती. थोरलीच्या एका कानावर राखाडी ठिपका होता, तेवढाच ओळखायला फरक. एका गोणपाटावर एकमेकींना चिकटून बसायच्या. एकीने मान खाली घातली की दुसरी तिचे डोळे आणि कपाळ चाटायची. मग पाळी बदलायची. मी अंगणात कपडे वाळत घालताना ते बघत राहायचे आणि बादलीतले पिळे तसेच राहायचे.

काका त्यांच्यासाठी रोज लसूणघास आणायचे. सिल्वासाच्या बाजारात त्याला रजको म्हणतात, पण काका भाजीवालीशी हटून लसूणघासच म्हणायचे. ती म्हणायची, "काका, वीस वर्ष थया, हवे तो रजको बोलो." काका म्हणायचे, "होईल सवय."

कारखान्यातही माझं त्यांच्याशी भांडण झालं. तीन नंबरच्या मशीनवर धुळ्याकडचे दोघे होते, पाच-सहा वर्षांपासून एकत्र. काम चोख, पण तिसऱ्या कोणाला टिकू देत नसत. जो येईल तो पंधरा दिवसांत दुसऱ्या खात्यात बदली मागायचा. मग बिहारहून आलेल्या एकाची तिथे नेमणूक झाली. मी हजेरीपत्रकात तीन नंबर लिहिलं. प्रत्यक्षात काकांनी त्याला चार नंबरवर उभं केलं होतं.

मी खात्यात गेले. "काका, कागदावर एक आणि जागेवर दुसरं, असं चालणार नाही."

"चालेल. थोडे दिवस."

"किती?"

"ते त्या दोघांना विचारा."

मॅनेजर आले. ते वापीचे होते, घाईत असले की तीन भाषा एकदम बोलायचे. "काका, आ शुं छे? तीन नंबर पे दो आदमी, तीसरा बगल में खडा है? प्रोडक्शन कोण देणार, मी?"

"शांती राखा, साहेब. वास घेतायत."

"क्या?"

काकांनी काय केलं होतं, तर मशीन पुसायची फडकी बदलली होती. तीन नंबरची फडकी रोज चार नंबरला आणि चारची तीनला. दुपारी डबा खायला नव्या माणसाला त्या दोघांपासून चार हातांवर बसवायचे, पाठ करून. दोन दिवसांनी बाजू करून. मला हे सगळं बाष्कळ वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "आधी वास, मग नजर, मग अंग. उलटं केलं की चावाचावी." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. चपलेलाही तेच आणि माणसालाही तेच.

अकराव्या दिवशी डब्याच्या वेळी मी तिथून जात होते. त्या दोघांतला एक त्या नव्याला ओरडून म्हणाला, "अरे ए, उधर काय एकटा गिळतो? इकडे ये. मिरचीचा ठेचा खाल्ला का कधी? रडशील!"

तो गेला, खाल्ला आणि खरंच रडला. तिघं हसत होते. काका टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "आता लिहा तीन नंबर." मी म्हटलं, मी तर अकरा दिवसांपूर्वीच लिहिलंय. "तेव्हा खोटं होतं," ते म्हणाले आणि गेले. तो माणूस मी नोकरी सोडेपर्यंत त्याच मशीनवर होता.

तिसरी ससी आमच्यामुळे आली. आमची मिनू सहा वर्षांची झाली त्या वाढदिवसाला तिच्या वडिलांनी वापीहून बुटाच्या खोक्यात एक करड्या रंगाची ससी आणली. मला न विचारता. मिनूने तिचं नाव काय ठेवलं होतं ते आज आठवत नाही, कारण काका तिला पहिल्या दिवसापासून 'नवी' म्हणत आणि मग सगळेच तसं म्हणायला लागले. आम्ही तिला स्वयंपाकघरात भाज्यांच्या टोपलीखाली ठेवली. चार दिवसांत तिने खाणं कमी केलं.

काकांनी तिला उचलून पोट चाचपलं. "एकटं ससं जगत नाही, ताई. खातं, पितं, पण जगत नाही. हिला आपण त्या दोघींत घेऊ."

मिनू म्हणाली, "आत्ता?"

"आत्ता नाही, मालक." मिनूला ते मालक म्हणायचे. "दिवाळी होऊन जाईल. तुला धीर आहे का?"

"आहे," मिनू म्हणाली. तिला होता. ते मला इथे लिहून ठेवायला हवं.

त्यांनी एक कागद तयार केला. कारखान्यातल्या लॉगबुकचं पान होतं. प्रत्येक कामाखाली पट्टीने रेघ ओढलेली, अशा सोळा रेघा. मला तो कागद पाहून आनंद झाला. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्या भाषेत काहीतरी लिहिलं होतं. पहिली रेघ: दोन पिंजरे शेजारी, मध्ये हातभर जागा. दुसरी: रोज गोणपाटं बदलायची, हिचं तिकडे, तिकडचं हिला. चौथी: दोन्ही पिंजऱ्यांत चारा जाळीलगत ठेवायचा, म्हणजे तोंडाला तोंड लावून खातील. सातवी: पिंजरेच बदलायचे, नवी मोठ्यात, त्या दोघी लहानात. दहावी: गच्चीवरच्या कोरड्या हौदात तिघींना पाच मिनिटं, हौद कारण तिथे कोणीच आधी राहिलेलं नाही. मग दहा मिनिटं, मग अर्धा तास. शेपट्या वर करून गोल फिरायला लागल्या की खराटा मध्ये घालायचा. चौदावी रेघ सगळ्यात लांब होती. मोठा पिंजरा कडुनिंबाच्या पाण्याने धुवायचा, चुना मारायचा, आंब्याखालून हलवून भिंतीकडे न्यायचा, आत नवं गोणपाट. म्हणजे तो कोणाचाच राहणार नाही. मग पंधरावी आणि सोळावी, तिघी एकत्र.

प्रत्येक रेघेपुढे तारखेची जागा मोकळी होती. "एक रेघ किती दिवस, ते मी लिहिलेलं नाही," काका म्हणाले. "ते त्या सांगतील."

यजमानांनी तो कागद वाचला आणि हसत सुटले. "अगं, ही तर आपलीच यादी आहे. वाट्या आठवतात? आणि पूल म्हणजे हौद! तू नवी!"

मीही हसले. कळलं होतं म्हणायचं तर तेव्हाच कळलं होतं.

काम रोज सकाळी कामावर जायच्या आधी आणि आल्यावर व्हायचं. काका आणि मिनू करायचे, मी तारखा लिहायचे. दुसऱ्या रेघेला दहा दिवस लागले, कारण थोरली नवीचं गोणपाट आलं की त्यावर पाय आपटायची. सातव्या रेघेला धाकटी नवीच्या पिंजऱ्यात कोपऱ्याला तोंड खुपसून बसली आणि काका दोन पावलं मागे गेले, पुन्हा पाचवीवर. मी म्हटलं, "असं खोडता येत नाही, काका, वर तारीख पडलीय." ते म्हणाले, "मग दुसरी तारीख घाला. कागद आपलाच आहे."

या सगळ्यात एक गोष्ट अशी झाली की काकू जाळी उघडून बाहेर यायला लागल्या. चारा निवडायला अंगणातल्या पायरीवर बसायच्या. मी शेजारी बसले तरी उठायच्या नाहीत. एकदा आपण होऊन म्हणाल्या, "नवीचे डोळे आमच्या आईसारखे आहेत," आणि तोंडाला पदर लावून हसल्या. त्या घरात आम्हाला तीन वर्षं झाली होती. इतकं लांब वाक्य त्या मला पहिल्यांदा बोलल्या.

नववी रेघ पुरी झाली, पिंजरे आता जाळीला जाळी लावून ठेवले होते आणि नवी आणि धाकटी जाळीच्या दोन्ही बाजूंना पाठ टेकून झोपायला लागल्या होत्या. तेवढ्यात अमळनेरहून काकांचा भाऊ वारल्याची तार आली. दिवाळीला सहा दिवस होते. काका एकटेच निघाले. काकूंना प्रवास जमत नसे. जाताना कागद माझ्या हातात दिला. "मी येईपर्यंत नऊवरच राहू द्या. चारा-पाणी करा, बाकी हात लावू नका."

मी हो म्हटलं.

आम्हाला दिवाळीसाठी पुण्याला दिरांकडे जायचं होतं. तिकिटं काढलेली होती. काकू एकट्या, आणि दोन पिंजरे, दोन वेळचा चारा, गोणपाटांची अदलाबदल. माझ्या डोक्यात हिशेब असा झाला की तिघी एका पिंजऱ्यात असतील तर काकूंचं काम निम्म्यावर येईल. नवी आणि धाकटी पाठीला पाठ लावून झोपतायत म्हणजे मुख्य काम झालंच आहे. बाकीच्या रेघा म्हणजे काकांची सावधगिरी, उजव्या पायात नवी चप्पल आणि डाव्यात जुनी. शनिवारी माझी अर्धी सुट्टी होती. निघायच्या यादीत मी लिहिलं, "ससे एकत्र करणे," फराळाचे डबे आणि गॅस बंद करणे यांच्या मध्ये.

दुपारी दोनला मी तिघींना हौदात ठेवलं. पाच मिनिटं काही झालं नाही. दहा मिनिटं काही झालं नाही. मला फार बरं वाटलं. चुना मारायला वेळ नव्हता, वाळायलाच दिवस गेला असता. थोरली-धाकटीला मी त्यांच्या पिंजऱ्यात परत ठेवलं आणि नवीला हातात घेऊन त्याच दाराशी वाकले.

मागून जाळी वाजली. काकू पायरीवर उभ्या होत्या. "ताई, नका."

"काही होत नाही, काकू. हौदात छान बसल्या होत्या."

"हे म्हणाले होते नऊवर."

"त्यांनाच सोपं होईल आल्यावर."

"ताई," त्या पुन्हा म्हणाल्या. त्या एवढंच बोलू शकत होत्या, आणि त्यासाठी त्यांना काय पडलं असेल ते मी तेव्हा मोजलं नाही. मी नवीला आत सोडलं.

एक मिनिटभर तिघी स्तब्ध होत्या. मग थोरली सुटली. ससं ओरडतं हे मला माहीत नव्हतं. बारीक पोर किंचाळावं तसं ओरडतं. करडे आणि पांढरे केस एकत्र उडायला लागले, कोण कोणाला चावतंय ते दिसेना. मी खराटा घातला, मग हात घातला, मनगटापाशी चांगला चावा बसला. नवीला बाहेर काढलं तेव्हा तिचा डावा कान टोकापासून अर्धा फाटला होता. मिनू रडली नाही. ती काकूंकडे जाऊन त्यांच्या पदरात शिरली.

मी नवीच्या कानाला हळद लावली, तिला तिच्या पिंजऱ्यात ठेवलं आणि स्वतःला सांगितलं की ठीक आहे, प्रयोग फसला, आपण पुन्हा नऊवर आलो. पण तसं नव्हतं. तासाभराने अंगणात पुन्हा तो आवाज आला. नवी तर लांब होती. थोरली आणि धाकटी एकमेकींना चावत होत्या.

त्या गोंधळात कोणी कोणाला पहिल्यांदा चावलं देव जाणे. अंगाला नवीचा वास लागला होता, रक्ताचा लागला होता. ज्या गोणपाटावर त्या जन्मभर एकत्र बसल्या तिथेच धाकटीने थोरलीला कोपऱ्यात दाबलं होतं. यजमानांनी कारखान्यातून बॉबिनचं रिकामं खोकं आणून त्याला जाळी ठोकली. दोन पिंजऱ्यांचं काम निम्मं करायला गेले आणि तीन पिंजरे झाले.

आम्ही रविवारी सकाळी पुण्याला गेलो. तिकिटं काढलेली होती. निघताना मी काकूंना हाक मारली, तेव्हा जाळी बंद होती. आतून "हं" आलं.

परत आलो तर काका अंगणात उपड्या बादलीवर बसले होते. मुंडण केलेलं, त्यामुळे आणखीच बारीक दिसत होते. तीन पिंजरे हातभर अंतरावर लावलेले. मी कागद त्यांच्या हातात दिला. तो माझ्याकडेच होता आणि मी त्यात काही लपवलं नव्हतं. दहा ते सोळा रेघांपुढे मी शनिवारी सकाळीच एक कंस काढून एकच तारीख टाकून ठेवली होती. काम करायच्या आधी.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. बोट एकेका रेघेवरून खाली नेलं. कंसाशी थांबलं.

"एका दिवसात?"

"हो."

"चुना?"

"नाही मारला. वेळ नव्हता. काका, माझं चुकलं."

"चुकलं नाही हो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला उत्तर देता आलं असतं. "मला वाटलं, तुम्ही कागदाचं माणूस. कागदावर असेल तसं कराल. म्हणून तर लिहून काढलं. नाहीतर मी लिहितो का कधी?"

मिनू त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होती. "काका, आता?"

"आता परत एकपासून, मालक. तिघींचं."

मी म्हटलं, "थोरली-धाकटीचंसुद्धा? त्या तर बहिणी."

"आता ओळख कुठे राहिली?" त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीने पहिली रेघ ओढली.

काकू पुन्हा पायरीवर बसल्या नाहीत. चारा आता काकाच निवडायचे. चहा यायचा, वाट्या यायच्या, पण जाळीतून.

पाच-सहा महिन्यांनी यजमानांना नाशिकला नोकरी लागली. आम्ही निघालो तेव्हा मागच्या बाजूची चौथी रेघ चालू होती. नवीला तिथेच ठेवलं. तिला पुन्हा हलवणं बरं नव्हतं आणि मिनूनेच तसं सांगितलं. पुढची बाजू मला नको होती, पण काकांनी मागच्या बाजूच्या रेघा नव्या कागदावर उतरवून घेतल्या आणि माझं पान मला परत दिलं. "तुमच्या अक्षरातल्या तारखा आहेत," म्हणाले.

नाशिकला त्यांची पोस्टकार्डं यायची. मायना, आणि खाली एक ओळ. "पाचवी रेघ. थोरली पाय आपटत नाही." दोन महिन्यांनी, "सहावी." मग, "परत चौथीवर. पावसामुळे वास गेले." एकदा नुसतं, "आठ." मिनू कार्ड वाचून नाचायची. मी ती तारखेप्रमाणे लावून रबर घालून ठेवायचे. उत्तर लिहिलं नाही. कार्डात उत्तर देण्यासारखं काही विचारलेलं नसायचं, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे काय लिहावं ते कळत नव्हतं. 'वाचून आनंद झाला' असं लिहायला माझा हात धजत नसे. दोन वर्षांत अकरा कार्डं आली. शेवटचं असं होतं: "अकरावी रेघ. हौदात अर्धा तास. थोरलीने धाकटीपुढे मान घातली. धाकटीने चाटलं नाही, पण चावलीही नाही. थोरली परवा गेली. वय झालं होतं."

त्यानंतरचं कार्ड वेगळ्या अक्षरात होतं, मोठ्या, पहिलीतल्या मुलासारख्या. काका गेल्याचं. कामावरून येऊन सायकल लावली आणि ओट्यावर बसले ते उठले नाहीत. खाली लिहिलं होतं, "धाकटी आणि नवी एका गोणपाटावर बसतात. मिनूला सांगा. तुम्ही या."

मी डायरीत लिहिलं, "सिल्वासा, काकूंना भेटणे." ते काम एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात आणि एका डायरीतून दुसऱ्या डायरीत जात राहिलं. मिनूच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, यजमानांच्या पाळ्या. दीड वर्षाने गेले. सकाळची बस, दुपारी एकला तिथे, चारची परतीची. तीन तास पुष्कळ झाले असा हिशेब.

दारात काकांच्या चपलांचे दोन जोड होते, एक जुना आणि एक न वापरलेला. मी हाक मारली. आत हालचाल झाली, पण जाळी उघडली नाही. मी ओट्यावर बसले. काकांबद्दल बोलले, मिनूबद्दल बोलले, सगळं जाळीकडे तोंड करून. आतून मध्येच "हं" यायचं. घराशेजारच्या बोळातून मागचं अंगण दिसत होतं. आंब्याखाली नाही, भिंतीकडे, चुना मारलेला पिंजरा होता. आत एक पांढरी आणि एक करडी, फाटक्या कानाची, एकमेकींना टेकून बसल्या होत्या.

तीनच्या सुमाराला जाळी वीतभर उघडली. हात बाहेर आला. बांगड्या नव्हत्या. चहाचा कप ठेवला, आणि त्याच्याशेजारी झाकण घातलेली एक वाटी. भरीत होतं.

"उद्या याल?" काकू आतून म्हणाल्या.

मला सगळं समजलं. वाटी समजली, आणि उद्यानंतर किती उद्या लागतील तेही समजलं.

"काकू, चारची बस आहे," मी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "बरं. वाटी आणा मग सावकाश."

मी चारची बस धरली.

पुढच्या उन्हाळ्यात चार दिवस काढून जायचं ठरवलं होतं. त्याच्या आधीच शेजारणीचं पत्र आलं की काकूंना त्यांचा पुतण्या अमळनेरला घेऊन गेला. सकाळी आला आणि संध्याकाळी घेऊन गेला, एका पेटीनिशी. घराला कुलूप आहे. ससे कोणाला दिले ते तिला माहीत नव्हतं. पुतण्याचा पत्ता तिच्याकडे नव्हता.

वाटी माझ्याकडे आहे. स्टीलची, बुडाशी काकांच्या नावाची अक्षरं ठोकलेली. मांडणीवर ती बाकीच्या वाट्यांशेजारी असते. मी ती वापरत नाही.